नात्याचा रकाना

प्रभाकर दाणींनी आयुष्यात एकच फॉर्म चुकीचा भरला, आणि तोही मायेपोटी. बंगालात एका खासगी कंपनीत पस्तीस वर्षं खर्डेघाशी केलेला हा माणूस, एक काना चुकला तरी पान फाडून नव्याने लिहायचा. पण झुमुरच्या नववीला बोर्डाचा फॉर्म आला, त्यात 'वडिलांचं नाव' असा रकाना होता, आणि दाणींनी तिथे बेधडक स्वतःचं नाव लिहून टाकलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी मुलीचं नावही लिहिलं ते 'झुमुर प्रभाकर दाणी'. नावामागे बापाचं नाव नसलं की मराठी माणसाला ते नाव उघडंबोडकं वाटतं. शाळेतल्या बंगाली क्लार्कने विचारलं, "मुलीच्या नावात प्रभाकर कशाला?" "आमच्यात असतंच," म्हणाले, आणि मिशीत हसत बाहेर पडले.

झुमुर त्यांची मुलगी नव्हती. नऊ वर्षांची असताना ती बालगृहातून त्यांच्याकडे सांभाळायला आली होती. दत्तक घ्यायला दाणी नवराबायकोचं वय उलटून गेलं होतं. सांभाळायला मात्र तेच वय चालत होतं. सरकारी नियमांचं डोकं कसं चालतं ते देवच जाणे. ती त्यांना काका-काकू म्हणायची. बाबा म्हण, असं दाणी कधी म्हणाले नाहीत. मनात मात्र रोज म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली होती. शेजारणीचा डबा परत करताना विजयाकाकूंनी त्यात साखर घातलेली झुमुरने पाहिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने आपला डबा काकूंच्या हातात दिला, तर आत दोन बिस्किटं. बालगृहात मिळालेली, कधीपासून जपून ठेवलेली, मऊ पडलेली. काकूंना हसावं की रडावं कळेना. तिला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "वेडाबाई, परक्यांचा डबा रिकामा द्यायचा नसतो. घरच्यांना रिकामाच द्यायचा, घासून!"

पुढे काकू आजारी पडल्या. दोन वर्षं दवाखाने झाले, साठवलेलं सगळं त्यात गेलं, आणि काकूही गेल्या. बेहालाच्या त्या दोन खोल्यांत दोघंच उरली. झुमुर बारावी झाली आणि बराकपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. काकूंची शुश्रूषा करता करता तिने ते मनात धरलं होतं. फी भरायची दाणींची ऐपत नव्हती. पण बालगृहात किंवा अशा सांभाळणाऱ्या घरी वाढलेल्या मुलांच्या शिक्षणाचा सगळा भार उचलणारा एक ट्रस्ट होता. एस्प्लनेडला त्यांचं ऑफिस होतं. दाणी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची फाइल छातीशी धरून तिथे गेले.

तिथल्या बाईंनी मार्कशीट पाहिली आणि चष्मा काढला. "हिला तर वडील आहेत."

"ते मीच. म्हणजे, मी नाही. मी सांभाळलं तिला."

"कागदावर बाप तुम्ही आहात. बाप असलेल्या मुलीला आम्ही कशी मदत देणार?"

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनीच वाट सांगितली: बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, आणि त्यासोबत नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र. जाताना बजावलंही, "यापुढे कुठेही स्वतःला वडील म्हणून लिहू नका. पुन्हा तपासणी होते. मदत थांबेल."

प्रतिज्ञापत्राचा मजकूर इंग्रजीत होता. झुमुरने तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला, मग मराठीत करून त्यांनाच ऐकवला. "सदर मुलगी माझी कोणी लागत नाही. माझं नाव चुकीने लिहिलं गेलं." तिने कागद ओट्यावर ठेवला. "मला नाही शिकायचा नर्सिंग. दुकानात काम करीन."

"शिकायचा नाही, शिकायचं," दाणी ओरडले. कधी न ओरडणारा माणूस, त्यांचाच आवाज त्यांना ओळखू येईना. "काकूला काय सांगू मी? कागद आहे तो नुसता. कागदाला काय कळतं?"

पण पस्तीस वर्षं कागदावर जगलेल्या माणसाला कागद नुसता कधीच नसतो. नोटरीपुढे त्यांनी तो मजकूर एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचला आणि मगच सही केली. झुमुर दाराबाहेर पाठ करून उभी होती.

मदत मिळाली. झुमुर हॉस्टेलला गेली, सोबत दाणींनी केलेले रव्याचे लाडू एका स्टीलच्या डब्यात घेऊन. लाडू दगडासारखे झाले होते, तरी तिने नेले.

तीन आठवड्यांनी, रविवारी, दुसरा डबा घेऊन दाणी बराकपूरला गेले. फाटकावरच्या बाईंनी रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, नातं. घरच्यांना आत बसून तासभर भेटता येत होतं. बाकीच्यांना फाटकातच पाच मिनिटं. दाणींचं पेन नात्याच्या रकान्यावर अडलं. तेवढ्यात झुमुर पांढऱ्या गणवेशात धावत आली. सकाळपासून वाट बघत असावी.

"हे कोण तुझे?" बाईंनी तिला विचारलं.

तिने तोंड उघडलं, आणि दाणींना एस्प्लनेडच्या बाई आणि सही केलेलं ते 'कोणी लागत नाही' आठवलं. तिच्याआधी तेच बोलले. "शेजारी. शेजारी राहतो मी."

झुमुरने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "हो. शेजारचे काका."

पाच मिनिटं फाटकातच गेली. जेवतेस ना, झोप लागते ना, मुली बऱ्या आहेत ना. तिने डबा घेतला, आत जाऊन लाडवांचा जुना डबा आणून त्यांच्या हातात दिला आणि मागे न बघता निघून गेली.

दाणी स्टेशनवर येऊन बाकावर बसले. किती सहज म्हणाली पोरगी, शेजारचे काका! आपणच शिकवलं, आता रडायचं कशाला? डबा मांडीवर होता. त्यांना पक्कं ठाऊक होतं, आत साखर असणार. मेसमधून मागून घेतलेली, कागदाच्या पुडीत बांधलेली चमचाभर साखर. परक्यांच्या डब्याची काकूंनी लावलेली शिस्त पोरगी विसरणार नाही. बराच वेळ त्यांना झाकण उघडायचा धीरच होईना. परतीची, सियालदाची एक गाडी आली आणि गेली.

शेवटी त्यांनी झाकण काढलं.

डबा रिकामा होता. घासून, पुसून, कोरडा केलेला. आत साखरेचा एक कणही नव्हता.

विजयाकाकूंना स्मशानात पोचवून आल्यावरही प्रभाकर दाणी रडले नव्हते. त्या फलाटावर, माणसं बघत असताना, तो रिकामा डबा छातीशी धरून ते हमसून हमसून रडले.