ठकुबाईचा उपवास

हिर्डोशीच्या उतारावर गेनबाचे घर होते. त्याची कारभारीण ठकुबाई सोमवार, एकादशी, नवरात्र, सारे काही परमनिष्ठेने पाळीत असे. भोरच्या डॉक्टरांनी तिला रक्तदाबाची गोळी सुरू केली, तेव्हाही तिच्या व्रतांत खंड पडला नाही. खंड पडला तो गोळीत. उपवासाच्या दिवशी औषध पोटात घालणे तिला अधर्म वाटे. "डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मग कशापायी गिळायची?" असे ती म्हणे, आणि गेनबालाही ते पटे. श्रावणात तर गोळ्यांचे पाकीट महिनाभर फडताळातच पडून राही.

असे वर्षानुवर्षे चालले. पुढे ती कालवणात दोनदा मीठ घालू लागली. पाण्याला गेली की परक्याच्याच अंगणात जाऊन बसू लागली. अखेर डोक्याचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "बाबा, दाबामुळं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्यात. रक्त पोचेना, तेवढा भाग वाळून गेलाय. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं तर गोळी एक दिवसही चुकवू नका."

त्या दिवसापासून गेनबाच्या जिवाला एकच ध्यास लागला.

आणि वटपौर्णिमा उजाडली. शेजारची बनाबाई पूजेचे ताट घेऊन वडाकडे निघाली होती. ओट्यावर बसलेल्या ठकुबाई-गेनबापाशी थबकून तिने नेहमीप्रमाणे थट्टा केली, "काय वयनी, ह्योच म्हातारा पुन्ना सात जलम मागायचा व्हय?"

ठकुबाईने गेनबाकडे पाहिले. ती दृष्टी शांत होती, परंतु तीत ओळख नव्हती.

"ह्ये पावनं कोन?" तिने विचारले.

बनाबाईचे हसू जागीच विरले. पदराने डोळे टिपीत ती वडाकडे निघून गेली.

गेनबाने गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "घे गं."

"आज न्हाई. मालकांसाठी उपास हाय."

"एवढीशी तर हाय."

"लई आगाव दिसताय तुमी! आमचं मालक रानातनं येऊ द्या, मग बगा."

गेनबाचे अंतःकरण विदीर्ण झाले. तरी हात मागे न घेता त्याने विचारले, "नाव काय तुमच्या मालकांचं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर तिने ते नाव कधीही मुखावाटे काढले नव्हते. तिने पदर सावरला, इकडे तिकडे पाहिले आणि ती हळूच म्हणाली, "गेनबा."

आपलेच नाव ऐकून त्या वृद्धाने तांब्या तिच्या आणखी जवळ सरकवला.

"त्यानंच धाडलीया ही गोळी," तो म्हणाला.

"त्यांनी? मग द्या की." तिने गोळी घेतली, वर दोन घोट पाणी प्यायले. मग कावरीबावरी होऊन ती म्हणाली, "पर पावनं, उपास मोडला म्हून त्यांस्नी सांगू नगा. वाईट वाटंल त्यांना."

"न्हाई सांगत," गेनबा म्हणाला.