शिकाऊंसाठी सात रस्ते

“बाबा, गाडी माझ्या नावावर कधी होणार?”

प्रश्न माझाच, पण तो तोंडावर विचारायचं आव्हान नीलम आणि विनीताचं. दोघी माझ्या वर्गातल्या, बारावीच्या. महिनाभर मी त्यांना रोज गाडीच्या गोष्टी सांगून पकवत होते. शेवटी एक दिवस डबा खाताखाता नीलम म्हणाली, “मेरी बाइक, मेरी बाइक. कागज़ पे किसका नाम है, ये पूछ के दिखा पापा से. आज ही, खाने की टेबल पे. नहीं पूछा तो कल से ‘पापा की बाइक’ बोलेगी.”

मी काय घाबरते. ऑगस्टमध्ये मला अठरा पूर्ण झाली. लखनौला आलो तेव्हा मला हिंदी येत नव्हती म्हणून शाळेनं एक इयत्ता मागे बसवलं होतं. त्याचा पहिला फायदा मला आत्ता मिळाला: वर्गात सगळ्यांच्या आधी शिकाऊ लायसन्स. ते लॅमिनेट करून मी दप्तरात ठेवते. तर विचारलं.

बाबांनी पोळीची घडी केली, उलगडली, परत केली. “आधी साताऱ्याहून एनओसी येऊ दे,” ते म्हणाले. “त्याशिवाय कुणाच्याच नावावर होत नाही.”

आई ताक आणायला उठली. ताकाचं भांडं टेबलावरच होतं. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मला फक्त ‘हो’ ऐकू आलं.

गाडी काळी आहे, शंभर सीसीची, आणि तिचा नंबर अजून एमएच ११ ने सुरू होतो. बाबा साताऱ्याचे, इथे झाडांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. आम्ही आलो तेव्हा गाडी रेल्वेच्या पार्सलमधून आली, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून. तेव्हापासून हरेक चौकात पोलिस बाबांना विचारतो, “महाराष्ट्र से चला के लाए हैं क्या?” आणि बाबा हसून म्हणतात, “ट्रांसफर होना था, रह गया.” नंबर यूपीचा करायचा तर साताऱ्याच्या आरटीओची ना-हरकत लागते, आणि तेवढ्यासाठी साताऱ्याला कोण जाणार, यात सात वर्षं गेली.

त्याच्याही आधीपासून एक गोष्ट मात्र ठरलेली होती. मी लहानपणी टाकीवर बसून हँडल धरायचे, तेव्हा बाबा कानाशी म्हणायचे, “अठराची झालीस की ही तुझी.” माझ्याकडे लेखी काही नाही. पण आपल्याच बाबांचं बोलणं लिहून घ्यायची वेळ आपल्यावर येईल असं कुणाला वाटतं?

आणि ते शिकवतही होते की. सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी. आम्ही तेलीबागला राहतो, तिथून वृंदावन योजना जवळ. गृहनिर्माणवाल्यांनी तिथे सेक्टर आखलेत, रस्ते करून ठेवलेत, दिव्याचे खांब उभे केलेत, आणि काही सेक्टरांत घरं अजून व्हायचीच आहेत. रिकामे प्लॉट, गवत, मध्ये गुळगुळीत डांबर. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं?

पण रिकामा रस्ता म्हणजे चांगला रस्ता नाही, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. त्या रस्त्यावर चार कुत्री होती आणि माझा क्लच सुटला. गाडी गचकन बंद, आणि मी कुत्र्यांच्या मधोमध. बाबा लांबून थर्मास घेऊन धावत आले. त्या दिवसापासून मी वही केली. आधी सायकलवर जाऊन रस्ता बघायचा, मगच गाडी आणायची. वहीत रकाने: कुत्री, गतिरोधक, वाळू, वळायला जागा, कुठल्या वेळी मोकळा. असे बावीस रस्ते बघितले आणि त्यातले सात निवडले, सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमानं. पहिला टाकी रोड, पाण्याच्या टाकीमागचा: सरळ, सपाट, आठपर्यंत कुणी नाही, आठनंतर क्रिकेटवाले. तिसरा, जिथे नाल्यावरच्या पुलाला चढ आहे, चढावर थांबून परत निघायला शिकण्यासाठी. पाचवा पार्काभोवतीचा, डावी वळणं सलग चार. सातव्यावर थोडी रहदारी, दूधवाले, ई-रिक्षा, एखादी सिटी बस. सातवा जमला की मोठ्या रस्त्यावर.

बाबांना वही फार आवडली. “हा तर पेपर झाला, कौमुदी,” ते म्हणाले. “छापायला पाठवायला हवा.” मी ती नीट टाइप केली आणि त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. वर लिहिलं, ‘शिकाऊंसाठी सात रस्ते’, खाली माझं नाव.

एनओसीचं मी मनावर घेतलं. साताऱ्याला प्रसन्नकाकांना फोन केला. घरी मी निम्मं हिंदीच बोलते, पण काकांशी मराठी, आणि तेही लाडाचं. “काका, तुमच्याशिवाय माझं कोण आहे तिथे?” काका बिचारे तीनदा आरटीओत गेले. मग त्यांनी कळवलं की अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा लागतो. तो मी घेतला. टाकी रोडवर गाडीखाली जवळजवळ आडवी झाले, पत्र्यावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. काळ्या शिशातून एकेक आकडा पांढरा वर आला. बाबा मोबाइलचा दिवा धरून उभे होते.

“स्वच्छ आलाय,” ते म्हणाले.

“मग, पोरगी कुणाची आहे?”

त्यांनी दिवा बंद केला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी सातवा रस्ता केला. एकदाही गाडी बंद पडली नाही. दूधवाल्याला जागा दिली, बसच्या मागे शांत थांबले, ई-रिक्षावाल्यानं न बघता वळवली तरी डगमगले नाही. परत टाकी रोडला आले तेव्हा मला वाटत होतं हेल्मेट काढून हवेत फेकावं. बाबांशेजारी एक गृहस्थ उभे होते, मफलर गुंडाळलेले. गजेंद्र अंकल, बाबांच्या प्रयोगशाळेतले टेक्निशियन. चिनहटला राहतात, दिवाळीला आमच्याकडे खोया घेऊन येतात.

“इधर कैसे, अंकल?” मी विचारलं. चिनहट शहराच्या दुसऱ्या टोकाला.

“बस, चलती हुई देखनी थी,” ते म्हणाले आणि टाकीवरून हात फिरवला. “बढ़िया रखी है. और बिटिया, तुम्हारी वो लिस्ट, सात रोड वाली, सर ने भेजी थी. हमारा लड़का तो उसी पे सीखेगा. हम बोले, पहले पानी की टंकी वाले पे जाओ, फिर पुलिया वाले पे. एकदम प्रोफेसर जैसी लिखी है.”

मी बाबांकडे बघितलं. बाबा थर्मासचं झाकण फिरवत होते. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

“कौन सी गाड़ी पे सीखेगा?” मी विचारलं.

अंकल हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. “अरे, इसी पे. एनओसी आ गया ना परसों. चेसिस का प्रिंट भी तुमने लिया, सर बता रहे थे. इतना साफ प्रिंट बाबू लोग भी नहीं लेते.”

त्यांच्यावर मला राग आला नाही. त्यांना काय माहीत? ते तर मला शाबासकी देत होते.

घरी येताना बाबांनी गाडी चालवली. मी मागे. इतक्या महिन्यांत मागे बसायची सवय मोडली होती, हात कुठे ठेवायचे तेच कळेना. बाबांच्या खांद्यावर ठेवले नाहीत. मागची कडी धरली.

तेलीबागच्या वळणावर ते म्हणाले, “मी सांगणार होतो.”

“कधी?”

“परीक्षा झाल्यावर.”

“माझी का त्यांच्या मुलाची?”

घरी त्यांनी गाडी जिन्याखाली लावली.

आईला बघताच कळलं. ती दारातच उभी होती, आणि तिनं ‘कशी झाली प्रॅक्टिस’ असं विचारलं नाही. दर रविवारी विचारते.

“तुला पण माहीत होतं,” मी म्हणाले.

“आत ये आधी.”

“कधीपासून?”

आई माझ्याशी खोटं बोलत नाही. वळसे घेते, खोटं बोलत नाही. निदान मला तसं वाटायचं. “ऑगस्टपासून,” ती म्हणाली. “तुझं लायसन्स आलं त्याच आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, रस्त्यावर ही पोर गाडी घेऊन गेली तर मला घरात बसवणार नाही. रायबरेली रोडला ट्रक कसे येतात बघतेस ना? हे म्हणाले, विकतो. पण लगेच विकली तर तू आकांडतांडव करशील. म्हणून म्हणाले, कागद व्हायला तीन-चार महिने लागतातच, तोवर तिची हौस भागू दे.”

“हौस,” मी म्हणाले.

“दोनदा पडेल आणि स्वतःच नको म्हणेल, असं वाटलं होतं गं.”

बाबा चपला काढून तसेच उभे होते. “तू पडलीच नाहीस,” ते म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मग मी एकेक आठवायला लागले. लायसन्सच्या चाचणीची तारीख घ्यायची म्हटलं की ‘यू-टर्न कच्चा आहे’. मोठ्या रस्त्यावर कधी, तर ‘घाई नाही’. गाडी दर रविवारी अर्धा तास तरी पळायलाच हवी, नाहीतर बॅटरी बसते, हेही बाबांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे मी शिकत होते आणि त्यांच्या गिऱ्हाइकासाठी गाडीही चालू ठेवत होते. काकांना आरटीओच्या रांगेत उभं केलं मी. ठसा घेतला मी. रस्ते शोधले मी. माझ्याच हातून माझी गाडी काढून घेतली, आणि वर मला दिवा दाखवला.

दुपारी नीलमला फोन केला. मला वाटलं, ती ‘मैंने कहा था’ म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “यार, वो लिस्ट क्यों दी? गाड़ी तो चलो. लिस्ट क्यों?” तेव्हा कुठे मला रडू आलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मला गाडीचंच वाईट वाटतंय.

संध्याकाळी दोघं बैठकीत बसले होते, टीव्ही न लावता. बाबा म्हणाले, “मी गजेंद्रजींना ‘नाही’ म्हणून सांगतो. उद्याच. कागदावर अजून सही झालेली नाही.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे हे त्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं.

खरं सांगते, एक क्षण मला ‘सांगाच’ म्हणावंसं वाटलं. गाडी जिन्याखाली उभी होती, तिचा आरसा खिडकीतून दिसत होता. पण मग गजेंद्र अंकल आठवले, मुलाला ‘पहले टंकी वाले पे’ असं सांगणारे. त्या घरातही कुणीतरी गाडीच्या ओढीनं पंधरा दिवस झोपलं नसेल. आणि त्यांना नकार देऊन मला गाडी मिळाली तरी ती दर वेळी सुरू करताना मला वाटणार, ही मी रडले म्हणून मिळाली.

आमच्या घरात मी भांडते ती हिंदीत. हिंदीत पटापट बोलता येतं आणि आई-बाबा उत्तर शोधेपर्यंत मी खोलीत गेलेली असते. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि मराठीत बोलले, सावकाश, एकेक वाक्य मनात तपासून.

“त्यांना ‘नाही’ म्हणून सांगू नका. अंकलना शब्द दिलाय ना? तो पाळा. दोघांना दिला होतात, एकाचा तरी पाळा.”

बाबांनी मान खाली घातली.

“चाचणीची तारीख मी आज घेतली आहे, पुढच्या महिन्यातली. विनीताच्या ताईची गाडी आहे, तिच्यावर देईन. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय.”

“बरं,” आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“आणि येत्या रविवारी गाडी चिनहटला पोचवायची आहे. ती मी चालवत नेणार. शहीद पथ, कमता, मग फैजाबाद रोड. वृंदावन योजनेतून नाही, मोठ्या रस्त्यानं. पुढे-मागे एल लावलेला आहे, मागे लायसन्सवाला माणूस लागतो. बाबा, तुम्ही मागे बसायचं. वाटेत ‘हळू’ म्हणायचं नाही, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. मागची कडी धरायची.”