हिमोग्लोबिनच्या चार जागा

मित्रांनो, रक्त लाल का असतं असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा. मी हिमोग्लोबिन. आता जुना झालोय, फार फेऱ्या उरलेल्या नाहीत, म्हणून आपली हकीगत सांगून ठेवतो.

माझा जन्म हाडाच्या आतल्या मऊ मगजात झाला. ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या चार साखळ्या गुंडाळून, एकमेकींना बिलगवून मला घडवलं. प्रत्येक साखळीच्या खोबणीत लोहाचा एकेक कण बसवला. त्या माझ्या चार जागा. तिथे प्राणवायू येऊन बसतो. पहिला बसताना जरा अडतो. पण तो बसला की माझं सगळं अंग सैलावतं आणि बाकीच्यांना जागा सहज मिळते. फुप्फुसात त्याला घ्यायचं आणि जिथे काम चालू असेल तिथे उतरवायचं. राबणारा स्नायू ऊबदार नि जरासा आंबट असतो. तिथे पोचलो की माझी पकड आपोआप सुटते. घे, ने, दे, परत ये. एवढंच माझं गाणं.

आमचं घराणं मोठं. मासा, बेडूक, चिमणी, माणूस, सगळ्यांच्या रक्तात आमचेच भाऊबंद. स्नायूत राहणारा मायोग्लोबिन माझा चुलतभाऊ. त्याला जागा एकच, पण धरून ठेवण्यात पक्का. अगदी अडलं तरच सोडतो.

मी ज्या बाईच्या अंगात फिरत होतो ती इस्त्रीवाली. लहानशी खोली, हातात कोळशाची इस्त्री, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, टेबलावर पांढऱ्या चादरींचा ढीग. शेजारी सासूबाई घड्या घालत. बाईचे दिवस भरत आले होते. पोटातल्या बाळाचा हिमोग्लोबिन म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमच्यामध्ये वारेचा, म्हणजे बाळाची नाळ जिथे जोडलेली असते तिचा, पातळ पडदा. त्याची ओढ माझ्यापेक्षा जास्त. मी प्राणवायू सोडला की तो पलीकडून अलगद उचलून घेई. धाकट्यानं हट्टानं घ्यावं, थोरल्यानं हसून द्यावं, असं आमचं चालायचं.

मग थंडी पडली, वारा सुटला. शेगडीतली राख उडून चादरींवर बसू लागली. सासूबाईंनी खिडकी लावली, फटीत चिंध्याही कोंबल्या.

"आई, कोंडल्यासारखं होतं हो."

"डाग पडले तर पुन्हा धुवायला तूच बसशील. राहू दे बंद."

कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. तो माझ्या जागांवर येऊन बसला आणि उठेचना. तो बसला तरी मी लालच दिसतो. शिवाय उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही मग माझ्याकडून सुटेना. माझी घडणच तशी. पडद्यापलीकडे धाकटा वाट बघत होता आणि मी भरल्या हातांनी तसाच पुढे जात होतो.

बाईचं डोकं ठणकू लागलं, उलट्या होऊ लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीला असं व्हायचंच." दोन दिवसांनी त्यांनाही उलटी झाली. सून भिंतीला टेकून म्हणाली, "आई, तुम्हालाही दिवस गेले की काय?"

"मेले, हसवू नकोस. डोकं फुटतंय माझं."

दोघी हसल्या. मग सुनेनं पोटावर हात ठेवला आणि तिचं हसू गेलं. "आई, बाळ सकाळपासून हललं नाही."

इस्त्री तशीच ठेवून दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बोटाला प्राणवायू मोजणारं चिमट्यासारखं यंत्र लावलं. आकडा चांगला आला.

"यंत्र ठीक म्हणतंय ना? झालं तर," सासूबाई म्हणाल्या. "पण काय हो, हिचं मी समजू शकते. मला कसले डोहाळे लागलेत या वयात?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "दोघींना एकदमच? दिवसभर बसता कुठे?"

"इस्त्रीच्या खोलीत."

"शेगडी असते? आणि खिडकी?"

"राख उडते म्हणून मीच लावून घेतलीय," सासूबाई म्हणाल्या.

"या यंत्राला नुसती लाली कळते," डॉक्टरीणबाई फोन उचलत म्हणाल्या. "जागेवर कोण बसलंय ते नाही कळत."

मोठ्या दवाखान्यात दोघींच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे बसले. सासूबाई आपला मुखवटा सारखा बाजूला करून म्हणत, "माझं राहू द्या, आधी तिच्याकडे बघा." श्वासागणिक प्राणवायूचा लोंढा येऊ लागला. माझ्या जागांवरचे नको ते पाहुणे एकेक करून उठले. पडद्याशी आलो तेव्हा माझी पकड पुन्हा सुटू लागली होती. पलीकडे धाकटा थकून गेला होता. त्याला मोकळं व्हायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण त्यानं घेतलं. थोडं घेतलं, मग आणखी घेतलं.

बऱ्याच वेळानं सुनेनं शेजारच्या खाटेवरच्या सासूबाईंचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "लाथ मारली, आई."

"मारू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मलाच मारली ती."

मित्रांनो, आता माझी लाल पेशी ताठर झाली आहे. लवकरच प्लीहेत आम्हाला मोडतील. साखळ्या सुट्या होतील, लोह मात्र जपून ठेवतील आणि नव्या कोणाला देतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. निखारे पेटतील तिथे खिडकी उघडी ठेवा. आम्ही जो येईल त्याला बसवून घेतो. आत कोणाला येऊ द्यायचं ते तुमच्या हातात आहे.

इस्त्रीच्या खोलीत आता खिडकी मिटू नये म्हणून तिच्यात वीट अडकवलेली असते. चादरींवर राख येतेच. सासूबाई घडी घालता घालता वाकतात आणि ती फुंकरीनं उडवतात.