वीस किलोला थोडे कमी

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगते. मी एक जुने वजन आहे. बिडाचे, काळेकुट्ट, वर धरायला आडवी मूठ असलेले. पूर्वी मी वीस किलोचे होते. आता थोडे कमी आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कोल्हापूरच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला आणि थंड झाल्यावर ठोकून ठोकून मला बाहेर काढले. मग माझ्या अंगावरच्या खाचेत शिसे भरून वजन तंतोतंत जुळवले आणि त्या शिशावर सरकारी शिक्का उमटवला. त्या शिक्क्याचा मला भारी तोरा होता. शेजारच्या पाच किलोशी मी धड बोलतसुद्धा नसे.

लोणावळ्याच्या बाजारात फकरुद्दीनभाईंचे भुसार मालाचे दुकान होते. तिथे मी कामाला लागले. पवनेच्या खोऱ्यातून तांदूळ यायचा. एका पारड्यात पोते, दुसऱ्यात मी आणि माझे भाऊबंद. उचलताना हमाल मला शिव्या देत, पण त्या प्रेमाच्या होत्या असे मी धरून चालते. तिकोणा पेठेचे, भाजे गावचे शेतकरी म्हणायचे, "भाईंच्या काट्याला शंका न्हाई." हे ऐकले की मी पारड्यात आणखी ऐटीत बसायचे.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. आकडे लाल रंगात झळकू लागले आणि आम्हाला कुणी विचारेनासे झाले. पुढे फकरुद्दीनभाईंचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी दुकानच बंद केले. बाकीची वजने भंगारात गेली. मला मात्र त्यांनी ठेवून घेतले आणि तुंगार्लीला, मुलीच्या गॅरेजमध्ये आणून टाकले. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकू म्हणून! ज्याच्यावर सरकारचा शिक्का, त्याने दार धरून बसायचे. मला फार वाईट वाटले. दाराजवळच प्लॅस्टिकच्या खुर्चीत फकरुद्दीनभाई बसायचे. त्यांनाही तिथे फारसे काम नव्हते.

शहिस्ता ही त्यांची मुलगी. भाजे गावच्या भिमाजीबरोबर भागीदारीत ती गॅरेज चालवते. दुकानातून हॉटेलांना तांदूळ पोचवणारी जुनी छोटी गाडी तिने शर्यतीसाठी तयार केली होती. डोंगरापलीकडे एका खासगी धावपट्टीवर दर हिवाळ्यात सरळ रेषेतली शर्यत भरते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि चारशे मीटरमध्ये सगळा निकाल लागतो.

गेल्या हिवाळ्यात आमची गाडी दिवा लागल्यावर जागच्या जागी नुसती चाके फिरवत राहिली. धूर एवढा झाला की लोक हसून हसून खोकले. शहिस्ता घरी आली ती थेट बॉनेट उघडून बसली.

भिमाजीच्या घरी शर्यतीचे बैल आहेत. तो म्हणाला, "शर्यतीचा बैल कसा, अंगावर माशी बसल्याली बी खपत न्हाई त्याला. गाडी बी तशीच हलकी पायजे." मग दोघांनी मिळून गाडी सोलायला घेतली. बंपरमधली लोखंडी पट्टी काढली, शेजारची सीट काढली आणि पुण्याहून शर्यतीला येणाऱ्या मोठ्या गाड्यांचे बघून बॅटरी गाडीच्या नाकातून, बॉनेटखालून उचलून डिकीत नेली. गाडी हलकी झाली, पण चाके आणखीच जास्त फिरू लागली.

फकरुद्दीनभाई वैतागले. गाडी त्यांच्याच नावावर होती. मळवली स्टेशनवरून पाहुण्यांची ने-आण करणाऱ्या हौशीरामला ती हवी होती. "या वर्षी जागेवरून हलली नाही, तर हौशीरामला देऊन टाकणार," ते म्हणाले. शहिस्ताने मान खाली घातली. दुसरी गाडी घ्यायची तिची ऐपत नव्हती, म्हणजे शर्यत कायमचीच सुटली असती.

पावसाळा संपत आला होता. गॅरेज रस्त्यापेक्षा खाली आहे आणि चढावर शेवाळ साचते. गाडी वर काढताना चाके घसरली की भिमाजी नेहमी बॉनेटवर जाऊन बसतो. आमच्याकडे सगळेच तसे करतात. त्या दिवशीही तो बसला आणि गाडी मुकाट्याने वर आली.

"भिमाजी, उतर," शहिस्ता म्हणाली. तिने गाडी पुन्हा खाली घेतली. तो नसताना चाके नुसती घसरली. "आता बस." गाडी वर आली. तिसऱ्यांदा बसवले तेव्हा तो ओरडला, "आगं, माजी वरात काढतीस का काय?"

शहिस्ताचे डोळे चमकत होते. "आपण चुकलो रे! आपलं इंजिन पुढं, आडवं बसवलेलं. गाडीला ओढतात तीही पुढचीच चाकं. गाडी झटक्यानं सुटली की भार मागं जातो आणि पुढची चाकं हलकी पडतात. मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाड्यांना तो भार उपयोगी पडतो, आपल्याला नाही. आणि आपण नाकातलं होतं तेवढंही काढून टाकलं."

"मंजी काढल्यालं पुन्यांदा बसवायचं?"

"बसवायचं. वर आणखी काहीतरी जड, इंजिनाच्याही पुढं."

"मग मलाच बांध की बंपरला," भिमाजी म्हणाला.

फकरुद्दीनभाई खुर्चीतून उठले. त्यांनी वाकून मला दाराखालून ओढले. दार धाडकन आपटले. "हे चालेल का?" त्यांनी विचारले.

"अब्बा, बोल्टनं आवळावं लागेल. दोन भोकं पाडावी लागतील. मग हे वीस किलो राहणार नाही."

मित्रांनो, माझा थरकाप उडाला! वीस किलो नसेन तर मी आहे तरी कोण? फकरुद्दीनभाईंनी माझ्या शिक्क्यावर अंगठा फिरवला. त्यांनाही जड जात होते, ते मला त्या अंगठ्यातून कळले.

"याला आजवर कुणी खोटं म्हटलं नाही," ते हळूच म्हणाले. मग भिमाजीकडे वळून म्हणाले, "पाड भोकं. पण सरळ पाड."

ड्रिल अंगात शिरले तेव्हा फार दुखले. माझा कीस जमिनीवर पडत होता. शेवटी इंजिनाच्या पुढे, बंपरच्या आत मला घट्ट आवळले. शेजारी ते आडवे पडलेले गरम डोक्याचे इंजिन! पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

शर्यतीच्या दिवशी हौशीरामही आला होता, गाडी घेऊनच जायच्या तयारीने. हिरवा दिवा लागला. इंजिन गरजले आणि गाडीचे नाक उचलू लागले. मी होते नव्हते तेवढे सगळे अंग खाली टाकले. चाके एकदाच किंचाळली आणि त्यांनी जमीन धरली! आम्ही सुटलो. शेवटच्या रेषेवर शेजारची गाडी आमच्या मागून आली. एकट्या माझ्यामुळे जिंकलो असे मी म्हणणार नाही, कारण बॅटरीही नाकात परत आली होती. दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो, पण धुरावर हसायला कुणाला मिळाले नाही.

फकरुद्दीनभाई लंगडत आले. "हौशीराम, तू दुसरी गाडी बघ बाबा," ते म्हणाले. मग खिडकीतून वाकून त्यांनी शेजारची रिकामी जागा पाहिली. "शहिस्ता, घरी जाताना मी बसू कुठं? इथं सीट लाव."

शहिस्ता रडत होती आणि हसतही होती. "लावते अब्बा. पुढंच लावते."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी दाराशी बसलेले असेल. ते ओझे आहे असे ठरवण्याआधी त्याची जागा एकदा बदलून बघा. आणि माझे म्हणाल, तर माझे बोल्ट गंजू देऊ नका, एवढे शहिस्ताला सांगा. पुढच्या हिवाळ्यात मला कामावर जायचे आहे.