पांढऱ्या चादरीखालची आई

पहिला फोटो वकिलातीने परत पाठवला, कारण त्यात थोरलीचा अंगठा आला होता.

फोटो घरीच काढला होता. पलंगावर पांढरे कापड अंथरले, पोरीला त्यावर बसवले आणि मागून थोरलीने तिची मान सावरून धरली. हात दिसत नाही असे सगळ्यांचे मत पडले. पण पोरीच्या कानाखाली अंगठ्याचे नख आणि सुई टोचून टोचून खरखरीत झालेले कातडे अगदी स्वच्छ उमटले होते. सोबत लाल शाईत शेरा होता: फोटोत फक्त मूल असावे.

धाकटीने तो शेरा वाचला आणि तिला बरे वाटले. इतके बरे वाटले की तिने तो पुन्हा वाचला.

दोघी सख्ख्या जावा. दोन भाऊ कामाच्या मागे परक्या देशात आले आणि एका दुकानावरच्या दोन खोल्यांत चौघांचा संसार मांडला गेला. थोरला गोदीत वेल्डर. धाकटा गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. थोरली घरीच असे आणि शेजारपाजारच्यांच्या पँटी आखूड करून दे, चेन बदलून दे, असे शिवणकाम करी. थोरलीला मूल नव्हते. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरात तो विषय कोणी काढत नसे.

धाकटीला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपली तशी तिने पोर थोरलीच्या मांडीवर ठेवली आणि कामावर गेली. दुसरा उपाय नव्हता. पाळणाघराला तिचा अख्खा पगार गेला असता.

तेव्हापासून पोर तिथेच होती.

पोरीचे नाव धाकटीने हौसेने ठेवले होते, दवाखान्याच्या दाखल्यावर ते लिहिलेही होते. पण थोरली तिला दोऱ्यात ओवलेल्या गुंड्यांचा खुळखुळा करून देई आणि ‘गुंडी’ म्हणून हाक मारी. पुढे थोरलाही गुंडी म्हणू लागला, मग धाकटा, मग खालचा दुकानदारसुद्धा. धाकटीने ठेवलेले नाव दाखल्यावरच राहिले. थोरली स्वतःला म्हणायची ‘मोठी आई’. चुलतीला तसे म्हणतातच, त्यात वावगे काही नव्हते. पण एकीला मोठी आई म्हटले की दुसरी आपोआपच लहान होते.

धाकटी संध्याकाळी घरी यायची ती जिना धावत चढून. दारातूनच हात पुढे करायची. पोर तिच्याकडे बघायची आणि थोरलीच्या पदरात तोंड खुपसायची.

“अगं, आधी हात धू,” थोरली म्हणायची. “त्या धुण्याच्या औषधाचा वास येतो तुझ्या अंगाला. म्हणून रडते ती.”

“धुतलेत कामावरच.”

“मग आणखी एकदा धू. जातेय कुठे ती!”

जातेय कुठे! धाकटीच्या अंगाचा तिळपापड होई. कारण पोर जाणारच होती.

थोरल्याचे गोदीतले काम संपत आले होते. महिनाअखेरीस थोरली-थोरला कायमचे मायदेशी परतणार होते, आणि गुंडी त्यांच्याबरोबर जाणार होती. दोन वर्षांसाठी. हे भावाभावांनी जेवताजेवता ठरवले, वाढता वाढता थोरलीने मान डोलावली, आणि धाकटीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “चालेल.” पगार हवा होता, सांभाळणारे कोणी नव्हते. चालेल म्हणण्यावाचून काय म्हणणार?

पण पोर विमानात बसायची तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टाआधी नागरिक म्हणून नोंद हवी. जन्म इथला असला तरी हा देश तिला आपली म्हणत नव्हता. आपल्या देशाने आपली म्हणावे यासाठी वर्षाच्या आत वकिलातीत अर्ज द्यायचा होता, आईबापांनी समोर उभे राहून सह्या करायच्या होत्या. पोर आता अकरा महिन्यांची झाली होती. आणि फोटो परत आला होता.

“आता स्टुडिओतच जाऊ,” थोरली म्हणाली. “मी येते. तुला नाही जमायचं.”

“फोटोत बसायला काय जमवायचं असतं?”

“तिला बघायला लावायचं असतं.”

स्टुडिओ चौकातच होता. फोटोवाला म्हातारा, चष्मा कायम कपाळावर. तो आपल्या भाषेचा नव्हता. पण पासपोर्टाचे फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला होता आणि कामापुरते शब्द त्याला सगळ्यांच्या भाषेतले येत. त्याने तिघांकडे पाहिले. धाकटा कागदांची पिशवी छातीशी धरून उभा होता. पोर थोरलीच्या कडेवर.

“आई?” म्हाताऱ्याने विचारले.

“मी,” धाकटी म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

“आई खुर्ची,” म्हातारा म्हणाला. त्याने तिला स्टुलावर बसवले, पोर तिच्या मांडीवर दिली आणि पांढरी चादर धाकटीच्या डोक्यावरून पायापर्यंत टाकली. “आतून धरा. कमरेला. हात बाहेर नाही, डोकं बाहेर नाही. तुम्ही नाहीच.”

“अगदी झाकून ठेवलेलं शिलाई मशीन!” धाकटा म्हणाला.

“हसू येईल हो तिला,” धाकटी आतून म्हणाली.

“खुर्चीने बोलायचं नसतं,” थोरली म्हणाली आणि सगळे हसले. म्हाताराही हसला.

धाकटी आत गुदमरून बसली. तिला चादरींची पारख होती. ही नीट खळबळून काढलेली नव्हती, साबण तसाच राहिला होता. कापडातून नुसता उजेड दिसत होता. मांडीवर पोरीचे वजन होते. पोर आधी कुरकुरली, मग कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला, “गुंडे! ए गुंडाबाई! कोण आलं? मोठी आई आली!” आणि कुरकुर थांबली. पोरीचे सगळे अंग त्या आवाजाकडे ओढले गेले. धाकटीला ते हातांना कळले. पोर आपल्या मांडीवर बसलीय आणि आपल्या मांडीवर नाही.

“छान,” म्हातारा म्हणाला. “तोंड बंद हवं. हसू नको.”

“हसू नको म्हणे! मला बघून ती हसणारच,” थोरली म्हणाली.

तेव्हा धाकटीने गुडघा हलवला. जरासाच. कॅमेऱ्याचा आवाज झाला. “हलली,” म्हातारा म्हणाला. पुन्हा थोरलीने हाका मारल्या, पुन्हा पोर स्थिर झाली, आणि ऐन वेळी धाकटीने पुन्हा गुडघा हलवला. आता तिला कळले की हे आपल्या हातात आहे. फोटो नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर पासपोर्ट नाही. कोणी काही म्हणू शकणार नाही. पोर हलते, त्याला कोण काय करणार? तिने तिसऱ्यांदाही तेच केले आणि चादरीखाली तिला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते असे सुख मिळाले.

“थांबा हो जरा,” थोरली म्हणाली. पावले वाजली. चादरीची कड वर झाली आणि थोरलीचे तोंड आत आले. त्या पांढऱ्या उजेडात दोघींच्या नाकांत वितीचे अंतर होते.

“हलवतेस तू,” थोरली पुटपुटली.

“पाय अवघडला माझा.”

“मला नको सांगूस. आपणहून हलते तेव्हा ती कशी हलते, ते मला माहीत आहे.”

हे तर धाकटीला आणखीच झोंबले. “तुम्हालाच सगळं माहीत आहे, ताई.”

“आहेच. म्हणून सांगते. पोर पाठवायची नसेल तर तोंडाने सांग. हा कागद तिचा आहे, त्याच्यावर सूड कशाला उगवतेस? वर्ष उलटलं तर ना इथली ना तिथली होऊन बसेल ती.”

“आणि मी सांगितलं तर तुम्ही ऐकाल?”

“नाही ऐकणार. भांडेन,” थोरली म्हणाली. “पण समोरासमोर तरी भांडू.” आणि चादर सोडून ती निघून गेली.

पुढच्या फोटोला धाकटी दगडासारखी बसली.

फोटो उत्तम आला. डोळे उघडे, तोंड बंद, मागे स्वच्छ पांढरे. म्हाताऱ्याने तो धाकटीच्या हातात दिला. ती मागची पांढरी जागा म्हणजे आपण, हे तिला दिसत होते. आणि पोर बघत होती ती कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या किंचित वर, जिथे थोरली उभी होती. पासपोर्टात हाच फोटो पाच वर्षे राहणार होता. पाच वर्षे पोर थोरलीकडेच बघणार होती.

वकिलातीत सगळेच गेले. थोरल्याने त्यासाठी खाडा केला. भिंतीला लागून बाकडी, काचेच्या खिडक्या, मागे पंख्याचा घरघराट. त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईने दाखल्यावरचे नाव पुकारले. कोणी उठले नाही. तिने पुन्हा पुकारले. धाकटी इकडे तिकडे बघत होती, कोणाचे असेल म्हणून. मग तिला एकदम चटका बसला. नाव तिनेच ठेवलेले होते.

“आमचीच!” म्हणत ती उठली, पण तोवर पोरीला कडेवर घेऊन थोरली खिडकीशी पोचली होती.

“आई कोण?” बाईने चष्म्यावरून बघत विचारले.

“एक आई आणि एक मोठी आई,” थोरला मागून हसत म्हणाला.

“कागदावर एकच बसते,” बाई म्हणाली. तिला हसू आले नाही. “आईने मूल घ्यावं.”

थोरलीने पोर धाकटीकडे दिली. पोर धनुष्यासारखी मागे वाकली आणि टाहो फोडला. सगळी बाकडी बघू लागली. खिडकीतल्या बाईने पेन खाली ठेवले.

“ही तुमचीच मुलगी ना?”

धाकटीने पोर आणखी घट्ट धरली. गाल पेटले होते. काय सांगणार? आपल्याच पोटची म्हणून सांगायचे, आणि पोर तर जीव खाऊन दुसरीकडे झेपावतेय.

“तिचीच आहे हो बाईसाहेब,” थोरली म्हणाली. “दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसले होते. आतून हिचा ओरडा ऐकू येत होता, माझा नव्हे. मी नुसती सांभाळते.” ‘नुसती’ म्हणताना तिने खिडकीची कड घट्ट धरली.

बाईने दोघींना निरखून पाहिले, मग कागद पुढे सरकवले. नागरिकत्वाच्या नोंदीवर धाकट्याने सही केली, धाकटीने केली. पासपोर्टाच्या अर्जावर दोघांनी केली. मग तिसरा कागद आला. आईबापांशिवाय मूल प्रवास करणार, त्याची संमती. कोणाबरोबर, या रकान्यात थोरलीचे नाव आधीच लिहिलेले होते, धाकट्याच्याच अक्षरात.

रडणारी पोर खांद्यावर घेऊन धाकटीने तो कागद वाचला. पेन बाईला परत दिले.

“हा नको.”

“नको म्हणजे?” धाकटा म्हणाला. “अगं, दादा-वहिनींबरोबर तिचं तिकीट काढलंय!”

“तुमच्या तिकिटाचं तुम्ही बघा. पासपोर्ट होऊ दे. पोर जाणार नाही.”

“मागे लोक आहेत,” खिडकीतली बाई म्हणाली.

भांडण रस्त्यावर झाले, थोरलीने सांगितल्याप्रमाणे समोरासमोर.

“आणि सांभाळणार कोण?” थोरली म्हणाली.

“मी. रात्रपाळी मागून घेते. रात्री हे घरी असतात, दिवसा मी.”

“मग तू झोपणार कधी?”

“ती झोपेल तेव्हा.”

“झोपली तर!” थोरली म्हणाली. “अकरा महिन्यांत तू तिला किती वेळा झोपवलंयस, सांग बरं.”

“तुम्ही हात लावू दिलात कधी?”

“तू मागितलीस कधी? सारखी आपली दारात उभी, पाहुण्यासारखी!”

“माझ्याच घरात?”

“बायांनो, लोक बघताहेत,” थोरला म्हणाला.

“बघू देत!” दोघी एकदम म्हणाल्या.

थोरलीने रस्त्याकडे तोंड फिरवले. मग ती म्हणाली, “एका सहीचा तर प्रश्न आहे. तुला सही आहे. मला काय आहे?” पोर धाकटीच्या खांद्यावरून दोन्ही हात थोरलीकडे करून रडत होती, तरी तिने पोर दिली नाही. घरापर्यंत तशीच नेली.

पासपोर्ट टपालाने आला. उरलेल्या दिवसांत थोरलीने सगळे शिकवले. पाणी किती कोमट, पेज किती पातळ, दात शिवशिवले की काय चावायला द्यायचे, कुठल्या कानाला जपायचे. शिकवायची ती फटकारत. “असं नाही गं, पोर आहे ती, चादर नाही!” धाकटी ओठ चावून शिकत होती. एकच गोष्ट राहिली. दुपारी आणि संध्याकाळी थोरली पोरीला घेऊन आतल्या खोलीत जाई, दार लावून घेई, आणि थोड्या वेळात एकटी बाहेर येई. आत पोर गाढ झोपलेली.

“काय करता तुम्ही?” धाकटीने दोनदा विचारले.

“काही नाही. झोपते ती.”

जायच्या दिवशी टॅक्सी आली. थोरल्याने सामान चढवले. थोरलीने पोरीला कडेवर घेतले, कुंची नीट केली, आणि स्वतःहून धाकटीच्या हातात दिली.

“ताई, झोपवायचं तेवढं सांगा ना.”

थोरली टॅक्सीत बसली. काच खाली केली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज ठणठणीत होता. “सगळं दिलं तुला,” ती म्हणाली. “तेवढं माझ्याजवळ राहू दे.”

दुपारी पोर झोपेना. धाकटीने मांडी हलवली, पाठ थोपटली, खिडकीशी नेली, गाणे म्हटले, दिवा मालवला, पुन्हा लावला. पोर दाराकडे बघून रडत राहिली. रडून रडून आवाज बसला तरी रडत राहिली. धाकटीला तीन दिवसांची रजा होती आणि मग रात्रपाळी.

“अगं, अजून विमानात बसले नसतील,” धाकटा म्हणाला. त्याने फोन हातात घेतला होता. “विचारतो वहिनींना. एका शब्दाचं काम. मला नाही म्हणायच्या नाहीत.”

धाकटीने एका हाताने पोर सावरली आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडून फोन काढून घेतला.

“नाही सांगायच्या त्या.”

“का नाही सांगणार?”

“त्यांच्या जागी मी असते,” धाकटी म्हणाली, “तर मीही नसतं सांगितलं.” आणि तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतले.