जादा भरलेले पन्नास हजार

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याला कर्जाची इतकी धास्ती की हप्त्याचा मेसेज वाजला तरी तो फोन उलटा ठेवायचा. दात भाजायच्या भट्टीसाठी त्याने पर्सनल लोन काढलं होतं. ते लवकर फिटावं म्हणून बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पन्नास हजार त्याने तिला न विचारता कर्जखात्यात भरून टाकले. ऑपरेशनला वर्ष आहे, तोवर व्याज तरी वाचेल, अशी मनाची समजूत घातली.

तीन महिन्यांनी बायको दवाखान्यातून लंगडत आली.

"डॉक्टर म्हणतात, आता थांबायचं नाही. पुढच्याच महिन्यात. पैसे आहेत ना आपले?"

"आहेत की," तो म्हणाला, आणि मोरीत जाऊन त्याने फोनवर कर्जखातं उघडलं. मुद्दल हप्त्यापुरतंच घटलेलं, व्याज जसंच्या तसं. पन्नास हजारांचा मागमूस नाही!

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बँक उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. काउंटरवरच्या बाईंसमोर त्याने फोन धरला.

"बाई, माझे पैसे बुडाले का हो?"

"बुडतील कसे? इथेच आहेत, जादा जमा म्हणून." बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "व्याज चढतं शिल्लक मुद्दलावर. हे पैसे मुद्दलात वळते केले असते, तर त्या दिवसापासून तेवढ्यावरचं व्याज थांबलं असतं. पण त्याला तुमचा अर्ज लागतो. तो नाही, म्हणून नुसते पडून आहेत."

"म्हणजे तीन महिन्यांचं व्याज फुकट गेलं?"

"गेलंच. आज वळते करू? हप्ता तोच ठेवला तर शेवटचे सात-आठ हप्ते उडतील. फक्त एकदा वळते केले की परत मागता येणार नाहीत."

सात-आठ हप्ते! सात-आठ महिने आधी सुटका! मग बायकोचं लंगडणं आठवून त्याने विचारलं, "आणि परतच हवे असतील तर?"

"तसा अर्ज द्या. चार दिवसांत खात्यात येतील."

पैसे परत मागायच्या अर्जावर त्याने सही केली. पण कर्जाहून मोठी भीती घरी बसली होती. पैसे येईपर्यंत गप्प राहावं, असं हजारदा मनात आलं. तरी जेवायला बसल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला.

"गुडघा माझा आणि पैसे परस्पर बँकेत?" ती म्हणाली. "कर्जाला भ्यायलास, मला नाही भ्यायलास?"

"तुला जास्त भितो गं."

ती हसली नाही. दुखरा पाय सावरत उठली आणि म्हणाली, "पैसे आले की आधी मला दाखव."