दोन्ही हात वर

आज होकार घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं आईने बांधकामाच्या फाटकातच ठरवलं होतं. मामाने आणलेलं स्थळ संध्याकाळपर्यंतच थांबणार होतं. लेक पस्तिशी ओलांडलेली, स्वतःच्या घराची मालकीण, आणि लग्नाचा विषय निघाला की कानात बोळे घालणारी. ती क्रेन चालवते हे आईला ठाऊक होतं, तेही शेजारणींना ‘कंपनीत असते’ एवढं सांगण्यापुरतं.

डोक्यावर हेल्मेट चढवून आईला कुंपणाआड एका जाडजूड माणसाशेजारी उभं केलं गेलं. तो खालून हाताने खुणा करणारा. त्याचा पंजा हलला की पार वर, काचेच्या पेटीत बसलेली लेक लोखंडी तुळयांचा भारा हलवायची. घरात मावणार नाही एवढं ओझं, पण झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं उतरत होतं.

“माझी मुलगी आहे ती,” आई बोलून गेली.

“नाकावरून ओळखलं. रविवारी तिच्याकडेच जेवतो मी. स्वयंपाकही मीच करतो. तिच्या हातचं तुम्ही खाल्लंच असेल.”

आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. “आणि लग्न?”

“दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. तिला तिचं घर हवंय. रुसून पाहिलं, पण एकट्याला घास गिळवेना. पुन्हा गेलो.”

आईचं डोकंच फिरलं. आत्ताच्या आत्ता लेकीला खाली बोलवायला तिने दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

भारा हवेतच थबकला. यंत्राची घरघर थांबली. माणसं जागच्या जागी उभी राहिली.

“काय दिसलं तुम्हाला?” त्याचा चेहरा उतरला होता.

“काही नाही. तिला हाक मारत होते.”

त्याने श्वास सोडला. “ही थांबायची खूण आहे, काकू. चल म्हणणारा मी एकटा. थांब मात्र इथलं कुणीही म्हणू शकतं. वरच्याने ‘का’ म्हणून विचारायचं नाही, थांबायचं.”

आई वर बघतच राहिली. स्वतःच्या लग्नात तिने तीन जणांना थांबा म्हणून सांगितलं होतं. वाजंत्रीसुद्धा थांबली नव्हती. इथे नुसत्या हातांवर आख्खं आभाळ थांबलं होतं.

त्याच्या वॉकीटॉकीतून लेकीचा आवाज आला. “आई, बरी आहेस ना?”

“बरी आहे गं. चालू दे तुझं.”

“ते मी सांगायचं,” तो हसला आणि त्याने पंजा हलवला.

फाटकाबाहेर मामाचा फोन आला.

“स्थळाला नाही म्हणून कळव,” आई म्हणाली.

“आज पण नाहीच म्हणाली का ती?”

“ती पहिल्यापासून नाहीच म्हणतेय, दादा. मला आज ऐकू आलं.”